शिखरजीच्या टोप्या

पौषातल्या यात्रेची तिकिटे निघाली आणि काकूंनी लोकरीचा गठ्ठा सोडला. सम्मेदशिखरजी ही २० तीर्थंकरांची निर्वाणभूमी. वंदना २७ किलोमीटरांची. मधुबनातून पहाटेच्या अंधारातच चढू लागावे लागते आणि वारा कानांत शिरतो. माणसे आठ, म्हणून टोप्याही आठ. दुकानाच्या वाटण्या झाल्यापासून तीन वर्षे दोन्ही घरांत जाणे-येणे नव्हते. यात्रा मात्र एकत्र ठरली होती.

सात टोप्या वेळेत सुयांवरून उतरल्या. आठवी थोरल्या भावजींची. तिचा अंदाज चुकला. दोनदा उसवावी लागली. उसवलेली लोकर कुरळी होते, मग टाके सारखे बसत नाहीत. अखेर काकूंनी जाऊबाईंना फोन लावला.

“बावीस इंच,” पलीकडून उत्तर आले, आणि जरा थांबून, “त्यांना कानांवर घट्ट लागते हो.”

निघण्याच्या रात्रीही टोपी अपुरीच होती. ती सुयांसकट पिशवीत गेली. गाडीत जाऊबाई शेजारी येऊन बसल्या. काकूंनी टाके बंद केले, तशी त्यांनी आपली क्रोशाची सुई काढून काठ धरला. पारसनाथ स्टेशनाआधी टोपी पुरी झाली. काठाचा रंग तेवढा वेगळा आहे.