रुळांची रुंदी

मनमाड, रविवार

ती. मामांस,


दुकानदाराने 'यावर विंडोज 11 चढणार नाही, भंगारात द्या' म्हटलं आणि तुम्ही कॉम्प्युटर द्यायला निघालात, हे ऐकल्यापासून चैन नाही. मामा, देऊ नका. यंत्र धडधाकट आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला आणि नव्या विंडोजला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, एवढंच. त्याच यंत्रावर लिनक्स मिंट चालेल. त्याला 2 जीबी रॅम पुरते, 4 असली तर उत्तम. तुमच्याकडे 4 आहे.

'पण ते कुणाचं?' असं तुम्ही विचारलंत. 1991 साली लिनस टॉरव्हल्ड्स या हेलसिंकीतल्या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला. रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांचे सहकारी त्याआधीपासून जीएनयू या मुक्त प्रणालीची अवजारं घडवत होतेच. आज हजारो माणसं मिळून ते सांभाळतात. कुणीही उघडून बघावं, बदलावं, शेजाऱ्याला द्यावं. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे.

मला काळजी आहे ती तुमच्या लेखांची. ते जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तेव्हाच्या औरंगाबादहून तुम्ही मीटरगेजने यायचात, आठवतं? एक मीटरचे रूळ मनमाडला संपायचे, मग ट्रंक-वळकटी उचलून मुंबईसाठी 1,676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजची गाडी धरायची. मालसुद्धा हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जायचा. तुमच्या मजकुराचं दर नव्या यंत्रापाशी तेच होतं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. एकदा लेख युनिकोडमध्ये करून घेतले की मोबाइल, विंडोज, लिनक्स, कुठेही तोच मजकूर वाचता येतो. लिनक्स नको म्हणालात तरी एवढं मी करून देणारच. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं चुकवतो, म्हणून मूळ छापील प्रत शेजारी ठेवून दोघं वाचू.

सगळंच सुटेल असं मात्र नाही. काही हिशेबाचे आणि छपाईचे प्रोग्राम फक्त विंडोजवरच चालतात. माझ्या दुकानातही त्यासाठी एक यंत्र तसंच ठेवलंय. गेल्या वर्षी इथल्या एका बाईंना मी एकाच संध्याकाळी लिनक्स घालून दिलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रिंटर चालेना, विचारायला जवळ कुणी नाही. त्या परत विंडोजकडे गेल्या. चूक माझी होती. त्यांना सीडीची किंवा पेनड्राइव्हची नव्हे, शेजारी बसणाऱ्या माणसाची गरज होती. तेव्हापासून मी आठवडाभर ज्याच्या त्याच्या सोबत बसतो.

तुमच्याकडे आधी फायलींची प्रत काढू. मग पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करू; डिस्कला हात लागणार नाही. आवाज, वायफाय, प्रिंटर आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंग बघू. तुम्ही हो म्हणालात तरच कायमचं घालू. मी नसताना अडलंच, तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. प्रिंटरची वायर आणि जुन्या फॉन्टची सीडी तेवढी शोधून ठेवा. मामींना सा. न.

तुमचा भाचा