फोनच तर केले

फ्लेक्सवाल्याला आयोजकांनी मोजून पैसे दिले. भोंग्याच्या रिक्षावाल्यांना दिले. मांडववाल्याला तर चहा पाजून दिले. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "तू काय केलंस? फोनच तर केले." चार वर्षं झाली, अजून सलतं.

मी जळगावचा. प्रदर्शनं, ग्राहकपेठा, दुकानांची उद्घाटनं यांची जाहिरात करून देतो, एकटाच. ते काम धुळ्याचं होतं. चार दिवसांची ग्राहकपेठ, साठ स्टॉल. एरंडोल, पारोळा करत एस.टी.नं किती खेपा झाल्या! एकोणीस स्टॉल मी भरून दिले. देवपूर, साक्री रोड, पाचकंदील भागात रिक्षा फिरवल्या, रील करून घेतले. शनिवार-रविवारी आत पाय ठेवायला जागा नव्हती.

ठरले होते साठ हजार, सगळं धरून. छपाई, फ्लेक्स, रिक्षा यांचे छत्तीस त्यांनी परस्पर चुकते केले. माझे राहिले चोवीस. त्यांनी दहा पुढे सरकवले. "गर्दी आलीच असती, सुट्टी होती." मी स्टॉलची यादी काढली. त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. "घरनंच काम शे भाऊ." अहिराणीत कोणी असं बोललं की माझ्यानं पुढं बोलवत नाही. दहा घेऊन उठलो. अठरा दिवस मोडले होते त्या कामात. दिवसाला साडेपाचशे पडले, त्यातच एस.टी.चं भाडं.

फ्लेक्स फुटावर मोजता येतो, रिक्षा दिवसावर. माणसं आणून दाखवणं कशावर मोजायचं? मांडव उतरला की माझ्या कामाची खूणही राहत नाही. म्हणूनच 'सगळं धरून' असा आकडा कधी देऊ नये. त्या एका आकड्यात माझी मजुरी झाकली गेली होती आणि कापायला तीच सापडली. आता खर्च वेगळा लिहितो, माझी फी वेगळी. निम्मी आधी, उरलेली उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. उद्यम नोंदणीही केली. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात पैसे 45 दिवसांत देण्याचं बंधन आहे. लेखी मुदत ठरली नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज. आपल्याकडे एकट्यानं काम करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? ठाऊक असूनही जळगाव-धुळ्यात कोण कोणाविरुद्ध अर्ज करतो? उद्या पुन्हा त्याच बाजारात उभं राहायचं असतं.

ॲडव्हान्सशिवाय काम धरायचं नाही, असं तेव्हा ठरवलं होतं. मागच्या महिन्यात एका बचतगटाच्या बायका आल्या. पापड-कुरडयांचं प्रदर्शन. म्हणाल्या, "दादा, विक्री झाली की देऊ." हो म्हणालो. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी ठरलेले सगळे पैसे चुरगळलेल्या नोटांत मोजून दिले. वर कुरडयांची पिशवी. धुळ्याच्या माणसाचा राग त्या दिवशी निवायला हवा होता. उलट वाढलाच.