अरुंद फिल्टरचा माज

कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख पुढे केला. २ किलोहर्ट्झपर्यंत बरा, पुढे घसरण. वयानं होतंच, म्हणाले. माझं लक्ष उताराच्या कोनाकडे. हॅम रेडिओसाठी क्रिस्टल लॅडर फिल्टर बनवणाऱ्याला दुसरं काय दिसणार?

माझे फिल्टर १.८ किलोहर्ट्झचे. एसएसबीला लोक २.४ च्या आसपास ठेवतात, पण संध्याकाळी ४० मीटरवर झुंबड उडाली की शेजारचा माझ्याकडे डोकावत नसे, आणि हे मी बँडवर न विचारता सांगत असे.

क्रिस्टल ४.४३ मेगाहर्ट्झचे, रंगीत टीव्हीतले. १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आलं ते पॅल पद्धतीचं, त्यामुळे हे क्रिस्टल पुढे पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास स्वस्तात मिळू लागले. २.६ च्या व्हीएफओत मिळवले की ७ मेगाहर्ट्झ. शिवाय लॅडरची वरची कड जात्याच ताठ, खालची ऐसपैस. लोअर साइडबँडचा कॅरियर वरच्या कडेला बसतो, म्हणजे नको असलेली बाजू आपोआप कापली जाते. क्रिस्टल जुळवताना मात्र चिमट्यानंच धरायचे. बोटाची ऊब लागली की काउंटरचे शेवटचे आकडे सरकू लागतात, आणि ते स्थिर होईपर्यंत चहा निवतो.

एवढं करूनही कॅरियरपासून लांबच्या कोपऱ्यात एक उंचवटा राहतोच. टोकाचा रोध वाढवा, तो दबतो आणि मधे खळगा पडतो. खळगा भरा, कड ढिली होते. हा कोपरा मी कानानं लावायचो: अँटेना काढायची, नुसती खरखर ऐकायची. सपाट फिल्टरची खरखर कोरडी, उंचवट्याची जरा शीळ घातल्यासारखी. आता ती शीळ मला ऐकू येत नाही.

हल्ली एक इंजिनिअरिंगची मुलगी शिकायला येते. तिनं नॅनोव्हीएनए हे मोजणीचं यंत्र जोडलं आणि मिनिटभरात वक्र काढून दाखवला. "काका, कोपरा छान आहे, पण फिल्टर फार अरुंद. स, श कसे कळणार? तुम्हाला तर आणखीच." शेवटचं वाक्य टाळता आलं असतं तिला.

संगणकावर रेडिओ चालवणारे एसडीआरवाले माउसनं कड ओढतात आणि भिंतीसारखा फिल्टर मिळवतात. मिळवोत बापडे. त्यात हाताला काय लागतं, हे मला अजून कुणी पटवलेलं नाही. २००३ मध्ये हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटेक्स हा घरी बांधायचा सेट काढला, त्यातही लॅडर फिल्टर होता आणि कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली. तसलं काही आता तयार रिगवाल्यांना सांगितलं, तर ते किंमत विचारतात.

तर ४७ पिकोफॅरडचे कपॅसिटर काढून तिनं ३३ चे सोल्डर केले, टोकाचे रोध वाढवले. रुंदी अडीचच्या वर गेली. माझ्या सेटमध्ये ऐकायला आणि बोलायला फिल्टर एकच, म्हणून फरक पलीकडेही पोचला. सकाळच्या नेटवर एकानं विचारलं, "काका, आवाज खुललाय, माईक बदललात?"

"नाही हो, फिल्टरवर जरा काम केलं," मी म्हणालो. कोणी केलं, ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ती शेजारीच बसली होती.