आमच्या घरचा भोंगा

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स ॲण्ड टेलिकम्युनिकेशन)

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने माफ करावं. मी मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर माझी रूममेट पलंगावरून पडायची बाकी राहिली. "तू? अगं, तू धोब्याची यादीसुद्धा इंग्रजीत करते!" खरं आहे. पण ही गोष्ट इंग्रजीत लिहायची माझी हिंमत नाही. का, ते पुढे येईलच.

आमचं घर हिंगणघाटला. बाबा एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितात, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि घरी आजी. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा! पारा पंचेचाळीसच्या वर गेला की अख्खी गल्ली गच्चीवर झोपते आणि खाली घर कुलपाच्या भरवशावर. मी बारावी दिली त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत अशीच तीन घरं फुटली. लोक वर चांदण्या मोजत होते आणि खाली कपाटं उघडत होती. बाबा घाबरले. नागपूरच्या एका डीलरचा माणूस आला, आणि दोन दिवसांत आमच्याकडे 'होम सिक्युरिटी सिस्टिम' बसली. दारांना चुंबकाचे स्विच, हॉलमध्ये पी.आय.आर. सेन्सर, माळ्यावर पॅनल, त्यात १२ व्होल्टची बॅटरी, तीन नंबरांना फोन लावणारं सिमकार्ड, आणि बाहेर भिंतीवर लाल भोंगा.

पहिल्याच आठवड्यात रात्री दीडला भोंगा वाजला. शेजारचे काका काठी घेऊन धावले, समोरचे दादा बॅट घेऊन. कारण निघालं सेन्सरवर बसलेली पाल. दुसऱ्यांदा कूलरच्या वाऱ्याने हललेला पडदा. तिसऱ्यांदा कुणाला काही कळलंच नाही. चौथ्यांदा काकांनी खिडकीतूनच सांगितलं, "बंद करा न भाऊ, सकाळी ड्युटी आहे." आजी तर पहिल्या दिवसापासून नाराज. "काहून बोंबलून रायलं वो हे डबडं?"

हे असं का होतं, ते मला पुढे इथे शिकल्यावर कळलं. पी.आय.आर. सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, तो फक्त समोर हलणारी उष्णता बघतो. माणूस भिंतीपेक्षा गरम असतो म्हणून दिसतो. पण आपल्याकडे मे महिन्यात भिंतच माणसाइतकी तापते! मग माणूस नीट दिसत नाही आणि कूलरच्या गार वाऱ्यात हललेला पडदा मात्र दिसतो. हे कुठल्याच जाहिरातीत मी वाचलेलं नाही. असो.

आता मुख्य गोष्ट. पहिलं वर्ष वॉरंटीत गेलं. मग ए.एम.सी.चे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, कागद आले. ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे ४,१३०. सहा पानं, बारीक टायपातलं इंग्रजी. मी फर्स्ट इयरची परीक्षा देऊन सुटीत घरी आले होते. बाबा नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवले आणि हसून म्हणाले, "वाच न. याच्याचसाठी तर तुझी एवढी फी भरली."

मी पहिलं पान वाचलं. दुसरं चाळलं. टीव्हीवर मॅच होती. पण त्याहून खरं सांगायचं तर, मला सगळं येतं असं दाखवायचं होतं. सगळं वाचत बसले तर ते अडल्यासारखं दिसलं असतं. म्हटलं, "ओके आहे बाबा, करा सही." बाबांनी सही केली, आणि पुढच्या वर्षी माझ्या त्याच 'ओके'वर चेक पुन्हा दिला.

गेल्या डिसेंबरात घरचे सगळे लग्नासाठी दोन दिवस अमरावतीला गेले. परत आले तर मागचं दार उचकटलेलं. बाहेरच्या मीटरच्या पेटीतला मेन स्विच खाली पाडलेला, फ्रिज गरम, दूध नासलेलं. लाईट गेली तरी बॅटरीवर चालायला हवा तो भोंगा वाजलाच नव्हता. सिमनेही कुणाला फोन केला नाही. कपाटातले पैसे गेले, आईच्या बांगड्या गेल्या आणि आजीची एकदाणी गेली. सोन्याच्या मण्यांची, तिच्या आईकडून आलेली.

मला हे नऊ दिवसांनी कळलं. माझे पेपर सुरू होते म्हणून कुणी सांगितलंच नाही. मी रोज फोन करत होते आणि आजी रोज "जेवली का माय?" इतकंच विचारत होती. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी बाबांनी सांगितलं, आणि वर म्हणाले, "तू टेन्शन घेऊ नको."

घरी गेल्यावर मी सगळ्यात आधी ते सहा कागद काढले. या वेळी सगळे वाचले. पान चार: बॅटरी, ॲडॅप्टर आणि भोंगा 'कन्झ्युमेबल्स', म्हणजे झिजणाऱ्या वस्तू, करारात नाहीत. सिमचा रिचार्ज ग्राहकाने करायचा. त्याच पानावर: वर्षातून चार तपासण्या, आणि पुढे दोन शब्द, 'ऑन रिक्वेस्ट'. आम्ही कधी मागितल्याच नाहीत, म्हणून कुणी आलंच नाही. पान पाच: काहीही नुकसान झालं तरी कंपनीची जबाबदारी त्या वर्षीच्या ए.एम.सी.च्या रकमेपुरती. अवघड असं त्यात काहीच नव्हतं. सातवीतल्या मुलीलाही कळेल असं इंग्रजी होतं ते.

माळ्यावरची बॅटरी मी इथे लॅबमध्ये आणली. नुसती मोजली तर १२.४ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत! भोंगा जोडला आणि पाहता पाहता काटा सातवर आला. लेड-ॲसिड बॅटरीचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर आयुष्य साधारण निम्मं होतं, हे आपण नोट्समध्ये लिहितो आणि दोन मार्क घेतो. आमची तर टिनाच्या छपराखाली दोन उन्हाळे भाजून निघाली होती. पॅनलवरचा हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत जळत होता. तो फक्त घरात लाईट आहे एवढंच सांगायचा! रोज रात्री तो हिरवा दिवा बघूनच बाबा झोपायला जात.

सर्व्हिसवाल्याचं उत्तर ठरलेलं. "मॅडम, बॅटरी करारात येत नाही." पण फाइलमध्ये मला आणखी एक कागद सापडला. दुसऱ्या वर्षीचा चेक घ्यायला आलेल्या माणसाने त्याच दिवशी एक सर्व्हिस रिपोर्ट भरला होता. 'सिस्टिम ओके. बॅटरी ओके.' बॅटरी करारात नाही, मग ती ओके आहे हे लिहून का दिलं? भोंगा जोडून पाहिला होता का? माझ्यासारखंच न वाचता 'ओके' लिहिणारा तो दुसरा माणूस. मला त्याचा राग यायला हवा, पण धड येत नाही.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथे मराठीत बोलता येतं. कंपनीचं उत्तर आलं, करारानुसार आमची जबाबदारी नाही. मग कायदा वाचला. १९८६ चा जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, नागपूरला खेटे घालायचं काम नाही. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं. बँकेच्या लॉकरमधून चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. आमच्या करारात एकच पट! हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग आधी लॉकरच घेतलं असतं."

इथून बापूकुटी जवळच. त्या दिवसांत एकदा संध्याकाळी तिकडे गेले होते. याच आश्रमातून बापूंचा चष्मा चोरीला गेला होता, आणि नाहीसा होऊन काही महिने झाल्यावर, जून २०११ मध्ये, त्याची बातमी बाहेर आली. त्या चष्म्याची किंमत रिपोर्टमध्ये काय लिहिली असेल? आमच्या एकदाणीचं वजन विचारलं तेव्हा आजी गप्प बसली. तिने ती कधी तोललीच नव्हती.

तक्रार मी मराठीत लिहिली. तीन रात्री लागल्या. जोडाक्षरं रूममेटने तपासली, तीच ती, पलंगावरून पडणारी. मार्चमध्ये ती वर्ध्याच्या आयोगात दाखल केली. नोटीस गेल्यावर कंपनीकडून तडजोडीचा कागद आला: एक वर्षाची ए.एम.सी. फुकट, तक्रार मागे घ्या.

शनिवारी एस.टी.ने घरी गेले आणि तो कागद घेऊन बसले. समोर बाबा, आई, आणि भिंतीला टेकून आजी. एक-एक ओळ वाचायची, मराठीत सांगायची, मग पुढे जायचं. दोन पानांना पाऊण तास लागला. बाबा मध्ये एकदाही "बरं बरं" म्हणाले नाहीत, चष्मा लावून माझ्या बोटामागे बघत होते. शेवटी आजीने विचारलं, "अन् बॅटरी?"

मी पुन्हा मागचं पान काढलं. बॅटरी याही करारात नव्हती.

बाबांनी कागदाची घडी घालून माझ्याकडे दिली. सही केली नाही. आयोगातली तारीख पुढच्या महिन्यात आहे, नेमकी सेकंड सेशनलच्या आदल्या दिवशी. बाबा म्हणतात, मी जातो एकटा, तू मला काय बोलायचं ते लिहून दे. मी म्हटलं, मी येते.