पाडव्यानंतरची एक रात्र

संध्याकाळी वहिनींसोबत येडगावहून धरणाच्या बाजूने नारायणगावला आलो, तमाशाला. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येऊन जत्रेची सुपारी देऊन जातात. गवळणीतल्या मावशीने हसवून बेजार केलं. वगात मात्र फिल्मी गाणी फार घुसलीत. मला नाही रुचत.

तमाशा कलावंत विठाबाईंचा फड याच गावचा. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. १९९० मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी अखेरचे दिवस हलाखीतच गेले. आपण टाळ्या स्वस्तात वाजवतो.

मध्यरात्री ढाब्यावर मासवडी, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. वहिनींनी आणखी रस्सा मागितला, तेव्हा मीही वाटी पुढे केली.