एक वर्ष आणि एक दिवस

इंग्लंडमधलं जंगल म्हटलं की आपल्याला रॉबिन हूडच आठवतो. पण ब्रिस्टलला ऑनसाईट असताना मी दोन-तीन वीकांत भटकलो ते फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये. सेव्हर्न आणि वाय नद्यांच्या बेचक्यातलं हे जंगल. वर ओक, मोकाट चरणाऱ्या मेंढ्या, रानडुकरं. पायाखाली चक्क कोळसा आणि लोखंड!

इथले ओकही गमतीचे. आरमाराला लाकूड हवं म्हणून १८०८च्या कायद्यानंतर सरकारने रानाला कुंपणं घालून ते लावले. ते वाढेपर्यंत जहाजंच लोखंडाची झाली. रिक्वायरमेंट बदलली, म्हणून काही झाडं आजही उभी आहेत! कुंपणांनी लोकांची चराई मात्र अडली. १८३१मध्ये वॉरन जेम्स या खाणकामगाराच्या मागे जाऊन लोकांनी ती मोडली. त्याची रवानगी थेट टास्मानियाला झाली.

पण खरी गोष्ट आहे 'फ्रीमायनर' लोकांची. सेंट ब्रिव्हल्स हंड्रेड, म्हणजे आपल्याकडच्या परगण्यासारखी एक जुनी हद्द. १८३८च्या कायद्याप्रमाणे त्या हद्दीत जन्मलेला, २१ वर्षं पूर्ण झालेला आणि तिथल्या खाणीत एक वर्ष आणि एक दिवस राबलेला पुरुष स्वतःसाठी खाण मागू शकतो. २०१०मध्ये एका बाईनेही हा हक्क मिळवला.

आपलं वतन बापाकडून मुलाकडे जायचं. इथे जन्म कुठे झाला ते बघतात. या नियमाने माझं नाव मामाच्या गावी लागलं असतं, कारण आईचं बाळंतपण माहेरी!

आणि घोळ इथेच आहे. त्या हद्दीत आता प्रसूतिगृहच नाही. बहुतेक बाळं जन्मतात बाहेर, ग्लॉस्टरसारख्या ठिकाणच्या हॉस्पिटलात. म्हणजे कायदा कुणी रद्द केलेला नाही, फक्त त्यात बसणारी माणसं जन्मायची थांबत चालली आहेत.

सरकारी जंगलं विकायचा बेत निघाला तेव्हा इथले लोक रस्त्यावर उतरले होते. देशभर ओरड झाली आणि फेब्रुवारी २०११मध्ये सरकारने तो गुंडाळला. तिथे शत्रू समोर दिसत होता. पण प्रसूतिगृह बंद होताना त्याचा खाणीशी संबंध आहे हे किती जणांच्या ध्यानात येणार? असल्या डिपेंडन्सी कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नसतात.

मला विचाराल तर कायद्यात एकच ओळ वाढवावी: आई हद्दीत राहणारी असली की पुरे, बाळंतपण कुठे का होईना. आजोळी जन्मलेल्या आपल्यासारख्यांना तरी हे पटावं.