प्रार्थनेखालचा सूर

नाताळच्या सजावटीचं सामान काढायला चर्चमागची खोली उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासातून दुसराच एक वास आला. जुनं चामडं, लाकूड, मुरलेली धूळ. मोडक्या बाकाखाली बाबांची पेटी होती. भाता उंदरांनी कुरतडलेला. तिला कुणी हाकललं नव्हतं. कीबोर्ड आला, गिटार आली, ड्रम आले आणि तिची जागा गेली, एवढंच. तरी मी सामान न घेताच बाहेर आलो.

बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी रोज संध्याकाळी पावसासाठी प्रार्थना होई. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं चर्चमध्ये जमिनीवर बसत. एके दिवशी गीत संपलं, पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि पेटीची एक पट्टी अडकली. सूर थांबेना. बाबांनी ती पट्टी बोटानं उचलली असती तर झालं असतं. त्यांनी उचलली नाही. उलट भाता हळूहळू हलवत राहिले. पाळकसाहेबांचे शब्द संपले, तरी कुणी ‘आमेन’ म्हणेना. तो एकच बारीक सूर, आणि त्यावर कुणाचं तरी हुंदके आवरणं. बाबांनी असं का केलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

खरं तर पेटी तरी कुठे आमची? 1842 साली पॅरिसमध्ये देबां यांनी तिचं पेटंट घेतलं, आणि त्याच साली नगरला अमेरिकन मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. दोन्ही परदेशी हातांनी रुजवलेली रोपं. आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीवर बंदी घातली होती. तिच्यावर आपली मींड निघत नाही, हा आक्षेप. आमच्या चर्चमध्ये त्या काळात ती रोज वाजत होती. आणि तिच्यावर जे गायचो, ते नारायण वामन टिळकांचं. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं अभंगाची वाट थेट उपासनेत आणली. परक्या चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांची सवय झालेल्या मंडळींना ते नवंच होतं. पुढे 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा संघ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. दोन वर्षांत ते गेले. माझ्या आजीला ही गाणी पुराणाइतकी जुनी वाटत. तिच्या जन्मावेळी त्यांची शाई जेमतेम वाळली होती.

हे सगळं कळूनही, चर्चमध्ये आता गीतांचे शब्द ज्यावर दाखवतात त्या पडद्यावरचा माझा राग जात नाही. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात असलं की पहिलं कडवं गाताना डोळा शेवटच्या कडव्यावर जाऊन येतो. दुःख कुठे निवळणार आहे, ते आधीच दिसतं. पडदा चार ओळी दाखवतो आणि पुसून टाकतो. त्यात वेळ नाही म्हणून पहिलं आणि शेवटचं कडवं घ्यायचं. मधल्या कडव्यांतच तर माणूस देवाशी भांडलेला असतो. ती गाळायचा हक्क कुणालाच नाही, असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात तरुण संघाच्या उपासनेला मागच्या बाकावर बसलो होतो. गाणं संपलं. कीबोर्डवरच्या मुलीनं एक सूर धरला आणि सोडलाच नाही. त्यावर मुलं एकेक करून मोठ्यानं प्रार्थना करू लागली. हा प्रकार आता सगळीकडे असतो, प्रार्थनेखाली असा सूर ठेवायचा असतो, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मला फक्त बाबांचा भात्यावरचा हात दिसला. आणि त्यांनी पट्टी का उचलली नाही, याचं उत्तर पन्नास वर्षांनी त्या अनोळखी मुलीकडून मिळाल्यासारखं वाटलं. माणसांना बोलायला धीर यावा म्हणून.

पण मग मी मुलं काय मागतात ते ऐकू लागलो. एकीच्या आईची केमो चालू होती. एकाची नोकरी सुटली होती आणि घराचा हप्ता थकला होता. एक मुलगा म्हणाला, मला रात्री झोप लागत नाही, प्रभू, आणि मी घरी सांगितलेलं नाही. आम्ही पाऊस मागायचो; आमच्या गीतांत तहान होती, कोरडी जमीन होती. या मुलांच्या गाण्यांत हप्ता नाही, केमो नाही, ती जागरणं नाहीत. ती गाणी बहुतेक हिंदी-इंग्रजीतून आणलेली, गोड आहेत, पण दुसऱ्या कुणाची आहेत. आणि आम्ही जपलेली टिळकांची गीतंही यांच्या त्या रात्रींपर्यंत पोचत नाहीत, हे मान्य करताना मला जड गेलं.

त्या झोप न येणाऱ्या मुलाला मी म्हटलं, तूच लिही, मराठीत. तो गिटार वाजवतो. त्याची दोन कडवी झाली आहेत. तिसऱ्यात देवाला जाब विचारायचा आहे, तिथे अडलाय. तेवढं गाळू नकोस, असं मी त्याला बजावलं आहे.